घटक ४ : देणगी आणि ग्रंथालय

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला –
• दान, देणगी, वर्गणी, कायमनिधी आणि अनुदान या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• मुंबईतील देणगीतून उभ्या राहिलेल्या तीन जुन्या ग्रंथालयांचा परिचय करून देता येईल.
• अँड्र्यू कार्नेगी यांच्या ग्रंथालय-देणग्यांचे स्वरूप, अटी आणि मर्यादा सांगता येतील.
• आपल्या परिसरातील ग्रंथालयाची पाहणी करून त्याविषयी टिपण लिहिता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, छापलेले पुस्तक वाचकापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक वाट विकत घेण्याची, दुसरी ग्रंथालयाची. नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ही दुसरी वाट अधिक जवळची असते. म्हणून ती वाट कोणी बांधली आणि ती चालू कशी राहते, हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. तो आपल्या अभ्यासाचाही आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी संपर्कसत्रासाठी गेलो होतो. तेथील ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर देणगीदारांची नावे आणि रकमा कोरलेल्या होत्या. पाटी स्वच्छ पुसलेली होती. आत भिंतीलगत कपाटे होती आणि त्यांना कुलपे होती. किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते गृहस्थ आठवड्यातून दोनच दिवस येत. कारण त्यांना तेवढ्याच दिवसांचे मानधन मिळे. आपल्याच अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी व्याकरणाच्या एका पुस्तकासाठी तीन आठवडे फेऱ्या मारीत होती. पुस्तक कपाटात होते. काचेतून त्याचा कणा दिसत होता.

पाटीवरील माणसांनी दिले होते ते खरेच होते आणि त्या विद्यार्थिनीला मिळाले नाही, हेही खरेच होते. या दोन गोष्टींमधील अंतर समजून घेणे हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शब्दांपासून सुरुवात

ग्रंथालयांच्या इतिहासात पैशासाठी अनेक शब्द येतात. व्यवहारात आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत.

‘दान’ हा संस्कृत शब्द ‘दा’ म्हणजे देणे या धातूपासून आला आहे. दिल्यावर देणाऱ्याचा त्या वस्तूवरील हक्क संपतो, ही दानाची मूळ कल्पना. ‘देणगी’ हा ‘देणे’पासून झालेला मराठी शब्द. देणगीला बहुधा हेतू जोडलेला असतो : इमारतीसाठी, पुस्तकांसाठी, कोणाच्या तरी स्मरणार्थ. ‘वर्गणी’ अनेकांकडून थोडी थोडी गोळा होते आणि ती देणारा बहुधा स्वतःच संस्थेचा लाभ घेणारा असतो. ‘कायमनिधी’ म्हणजे ज्याची मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्चावयाचे अशी रक्कम. ‘अनुदान’ हा अर्वाचीन काळात रुळलेला पारिभाषिक शब्द आहे. त्यातील ‘अनु’ या उपसर्गाचा एक अर्थ ‘मागोमाग’ असा होतो. एकदा देऊन न थांबता पुन्हा पुन्हा, नियमांनुसार दिली जाणारी रक्कम, हा अर्थ व्यवहारात त्याला चिकटला आहे.

हे भेद लक्षात ठेवा. इमारत देणगीतून उभी राहू शकते. ग्रंथपालाचे वेतन मात्र वर्गणी, कायमनिधी किंवा अनुदान यांतूनच द्यावे लागते, कारण ते दर महिन्याला लागते.

आता ग्रंथालयांची नावे पाहू. नाशिकचे ‘सार्वजनिक वाचनालय’ (१८४०), ‘पुणे नगर वाचन मंदिर’ (स्थापना १८४८), ठाण्याचे ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ (१८९३), ‘मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय’ (१८९८). या नावांत कोठे ग्रंथांवर भर आहे, कोठे वाचनाच्या क्रियेवर. ‘मंदिर’ या शब्दात आदराची भावनाही आहे. ‘वाचक’ हा शब्द मात्र यांपैकी एकाही नावात नाही. नावात नसलेल्या या वाचकाची जागा व्यवहारात कोण ठरवतो, हे पुढील विवेचनात पाहू या.

४.३.२ मुंबईतील तीन ग्रंथालये

(अ) विद्यापीठाचे ग्रंथालय : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. या काळातील अग्रगण्य व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा होती.

१८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासह अनेकांची संपत्ती लयाला गेली. विद्यापीठाला दिलेली रक्कम मात्र राहिली. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८६९ साली पायाभरणी झाली आणि १८७८ साली काम पूर्ण झाले. खर्च साडेपाच लाख रुपयांच्या आसपास गेला. मनोऱ्याची उंची २८० फूट आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. देणगी मिळणे आणि वास्तू पूर्ण होणे यांत चौदा वर्षांचे अंतर पडले. शिवाय त्या काळी विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. म्हणजे ग्रंथालय विद्यापीठाचे आणि विद्यार्थी अन्यत्र, अशी स्थिती होती. आजही त्या वास्तूला सामान्य माणूस ‘राजाबाई टॉवर’ म्हणतो. मूळ देणगी ग्रंथालयासाठी होती, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. उंच मनोऱ्याच्या नावाने ग्रंथालयाचे नाव झाकून टाकले आहे.

(आ) डेव्हिड ससून ग्रंथालय : काळा घोडा परिसरातील या ग्रंथालयाची कथा उलट क्रमाने घडली. येथे वाचक आधी आले, वास्तू नंतर आली. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि गोदी येथे काम करणाऱ्या यंत्रकुशल कर्मचाऱ्यांनी आपल्या ज्ञानवृद्धीसाठी एक संस्था सुरू केली. पुढे बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या घराण्याच्या साहाय्याने संस्थेला स्वतःची इमारत मिळाली. एकूण खर्च सव्वा लाख रुपये; त्यांपैकी साठ हजार रुपये ससून यांच्या देणगीतून आले आणि उरलेला भार मुंबई सरकारने उचलला. इमारत १८७० साली पूर्ण झाली. ‘डेव्हिड ससून ग्रंथालय व वाचनकक्ष’ हे आजचे नाव १९३८ पासूनचे आहे.

(इ) पेटिट इन्स्टिट्यूट : १८५६ साली काही पारशी तरुणांनी फोर्ट भागात एक ग्रंथालय सुरू केले. पुढे दिनबाई पेटिट यांनी आपला दिवंगत पुत्र जमशेटजी नसरवानजी पेटिट याच्या स्मरणार्थ संस्थेला मोठी देणगी दिली. नवी इमारत १८९८ साली खुली झाली. विद्यापीठाच्या वास्तूत पुत्राने मातेचे नाव ठेवले. येथे मातेने पुत्राचे. परंतु ससून आणि पेटिट या दोन्ही संस्थांत देणगीदाराचे नाव येण्यापूर्वीच काही वाचक एकत्र जमले होते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) कायमनिधी म्हणजे काय?
(२) प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी किती रक्कम दिली?
(३) डेव्हिड ससून ग्रंथालयाची मूळ संस्था कोणी सुरू केली?

४.३.३ एका शब्दाच्या अर्थावरून झालेला वाद

ग्रंथालयांना देणगी देणाऱ्यांत जगभर ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते ते अँड्र्यू कार्नेगी. त्यांचा जन्म १८३५ साली स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन येथे एका विणकराच्या घरी झाला. यंत्रमागामुळे हातमागाचा धंदा बसला आणि १८४८ साली हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या अलेगेनी या गावी गेले. लहानगा अँड्र्यू आधी कापडगिरणीत आणि नंतर तारा पोहोचवणारा पोऱ्या म्हणून तार-कचेरीत कामाला लागला.

त्या गावात कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपला सुमारे ४०० पुस्तकांचा खाजगी संग्रह कामकरी मुलांसाठी खुला केला होता. पुढे या संग्रहाचे रीतसर ग्रंथालय झाले आणि तेथे नियम आला : एखाद्या धंद्यात उमेदवारी करणाऱ्या मुलांना पुस्तके विनामूल्य, इतरांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत. तारा पोहोचवणारा मुलगा कोणत्याही धंद्याचा उमेदवार नव्हता. कार्नेगीने वृत्तपत्रात पत्र लिहिले आणि खाली ‘एक कामकरी मुलगा’ अशी सही केली. ग्रंथालयाकडून उत्तर आले की ‘कामकरी मुलगा’ म्हणजे उमेदवारी करणारा मुलगा. त्याने पुन्हा लिहिले आणि या वेळी सहीत, आपण कामकरी आहोत पण आपल्याला धंदा नाही, असे नोंदवले. अखेर नियम बदलला आणि त्याला प्रवेश मिळाला.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रसंगाकडे बारकाईने पाहावे. वाद पुस्तकांचा नव्हता, पैशांचाही तितकासा नव्हता. वाद ‘कामकरी’ या शब्दाच्या अर्थव्याप्तीचा होता. शब्दाचा अर्थ संकुचित केला की काही वाचक बाहेर राहतात. तो विस्तारला की आत येतात. नियमावलीतील ‘सभासद’, ‘स्थानिक रहिवासी’, ‘नियमित विद्यार्थी’ यांसारखे शब्द आजही हेच कार्य करतात. ‘नियमित’ या शब्दामुळे दूरशिक्षणाचा विद्यार्थी कोठे आत येतो आणि कोठे बाहेर राहतो, याचा अनुभव आपल्यापैकी काहींना असेलच.

४.३.४ अट : दरवर्षी दहावा हिस्सा

पोलाद उद्योगात अपार संपत्ती मिळवल्यावर कार्नेगी यांनी ग्रंथालयांसाठी देणग्या देण्यास आरंभ केला. पहिले ग्रंथालय १८८३ साली त्यांच्या जन्मगावी, डन्फर्मलिनला उघडले. त्यांच्या आणि त्यांच्या न्यासाच्या पैशातून जगभरात एकूण २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांपैकी सुमारे १,६८० अमेरिकेत होती. उरलेल्यांतील बहुसंख्य ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा येथे होती. एकूण रक्कम साडेपाच कोटी डॉलरहून अधिक होती.

या देणगीचे वैशिष्ट्य रकमेत नव्हते, अटींत होते. गावाला ग्रंथालयाची गरज असल्याचे दाखवावे लागे. जागा गावाने द्यावयाची. सेवा विनामूल्य असावी. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की देणगीच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम गावाने कररूपाने दरवर्षी उभारून ग्रंथालयावर खर्च करावी. म्हणजे १०,००० डॉलरची देणगी हवी असेल तर दरसाल १,००० डॉलरची हमी द्यावी लागे. पुस्तके आणि वेतन या खर्चातूनच भागवायचे. देणगी केवळ इमारतीपुरती होती.

इमारत एकदाच बांधावी लागते, ग्रंथालय मात्र दरवर्षी चालवावे लागते, हे कार्नेगी यांनी ओळखले होते. त्यांचे सचिव जेम्स बर्ट्रम यांनी १९११ पासून इमारतींच्या आराखड्यांविषयी सूचना देणारे पत्रक काढले. अनाठायी शोभेवर खर्च नको आणि एकाच ग्रंथपालाला सर्व दालनावर लक्ष ठेवता यावे, असा त्या सूचनांचा रोख होता. त्या पत्रकात इंग्रजी शब्दांचे सुलभीकृत लेखन वापरलेले होते. कारण इंग्रजी शुद्धलेखन सोपे करण्याच्या चळवळीलाही कार्नेगी यांचे अर्थसाहाय्य होते.

४.३.५ देणगीच्या मर्यादा

कार्नेगी यांच्या देणग्यांचे सर्वांनी स्वागत केले असे नाही. १८९२ साली होमस्टेड येथील त्यांच्या पोलाद कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला. त्यात कामगार आणि खाजगी रखवालदार मिळून अनेकांचे प्राण गेले. कामगारांची संघटना मोडली. १८९८ साली त्याच परिसरात त्यांनी दिलेले भव्य ग्रंथालय उघडले. बारा तासांची पाळी करून आलेल्या कामगाराने केव्हा वाचावे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. व्हीलिंग या गावात कामगार संघटनांनी विरोध केल्यामुळे १९०४ साली देणगीच नाकारण्यात आली.

दुसरी मर्यादा वर्णभेदाची. अमेरिकेच्या दक्षिण भागात करातून चालणारे ‘सार्वजनिक’ ग्रंथालय कृष्णवर्णीयांसाठी बंद असे. केन्टकी राज्यातील लुइव्हिल येथे त्यांच्यासाठी १९०५ साली स्वतंत्र शाखा भाड्याच्या जागेत सुरू झाली आणि १९०८ साली कार्नेगी देणगीतून तिला इमारत मिळाली. तिचे प्रमुख थॉमस फाउंटन ब्लू यांनी तेथे कृष्णवर्णीय ग्रंथपालांना प्रशिक्षण देण्याचे काम केले. वेगळी इमारत हा अन्याय होता. परंतु त्या इमारतीत वाचकांनी आणि ग्रंथपालांनी जे उभे केले, ते त्यांचे स्वतःचे होते.

महाविद्यालयांच्या बाबतीत टस्कीगी संस्थेचे उदाहरण बोलके आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या या शिक्षणसंस्थेला ग्रंथालयासाठी २०,००० डॉलर मिळाले. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, बांधकाम केले आणि १९०१ साली इमारत पूर्ण झाली. येथे देणगीत श्रमाची वर्गणी मिळाली.

तिसरी मर्यादा पुढे उघड झाली. कार्नेगी न्यासाने अल्विन जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञाकडून ग्रंथालयांची पाहणी करवून घेतली. अनेक ठिकाणी इमारत उत्तम. पण प्रशिक्षित ग्रंथपाल नाही, पुस्तके अपुरी आणि कबूल केलेली वार्षिक रक्कमही पुरती मिळत नाही, असे त्यांना आढळले. यापुढे इमारतींपेक्षा ग्रंथपालांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे, असे त्यांचे मत पडले. १९१७ साली इमारतींसाठी नव्या देणग्या देणे थांबले.

४.३.६ बडोदे आणि महाराष्ट्र

याच सुमारास सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून तेथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला १९१० साली बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालयाबरोबरच खेड्यांसाठीही योजना आखली गेली. गावकऱ्यांनी ठरावीक वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम स्थानिक मंडळाने आणि तेवढीच संस्थानने घालायची. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठवली जात. येथे दात्याच्या इच्छेची जागा नियमाने घेतली.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असून त्यांनुसार त्यांना वार्षिक अनुदान मिळते. या अधिनियमात स्वतंत्र ग्रंथालय-कराची तरतूद नाही. त्यामुळे कार्नेगी यांच्या अटीत जो भार गावाने उचलायचा होता, तो आपल्याकडे प्रामुख्याने शासकीय अनुदान, सभासदांची वर्गणी आणि स्थानिक कार्यकर्ते यांच्यावर आहे. आपल्या गावातील ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, याचे उत्तर पुष्कळदा या तिघांच्या हिशेबात सापडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

पुढील विधाने बरोबर की चूक ते लिहा.
(१) कार्नेगी यांची देणगी पुस्तके आणि वेतन यांसाठी होती.
(२) व्हीलिंग या गावाने कार्नेगी देणगी नाकारली.
(३) महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमात ग्रंथालय-कराची तरतूद आहे.

४.४ सारांश

देणगीतून ग्रंथालयाची वास्तू उभी राहते. परंतु ग्रंथालय टिकते ते दरवर्षी येणाऱ्या पैशावर, ग्रंथपालावर आणि वाचकांवर. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात वास्तूचे दान आधी आले. ससून आणि पेटिट या संस्थांत वाचकांचा समूह आधी होता. कार्नेगी यांनी दहाव्या हिश्श्याची अट घालून वार्षिक जबाबदारी गावावर टाकली; तरीही वर्णभेद, कामगारांचा असंतोष आणि अपुरा ग्रंथपालवर्ग या मर्यादा राहिल्या. बडोद्यात वर्गणी आणि सरकारी साहाय्य यांची सांगड घातली गेली. नियमावलीतील शब्द वाचकाला आत घेतात किंवा बाहेर ठेवतात. म्हणून ते शब्द वाचता येणे हेही वाचकाचे काम आहे.

प्रास्ताविकातील विद्यार्थिनीला पुढे ते पुस्तक मिळाले. तिने आणखी चार वाचकांच्या सह्या घेऊन कार्यकारी मंडळाला अर्ज दिला आणि शनिवारी संध्याकाळी कपाटे उघडण्याची व्यवस्था करून घेतली. किल्ली सांभाळण्याचे काम त्या पाच जणांनी पाळीपाळीने स्वीकारले. त्यांची नावे पाटीवर नाहीत.

४.५ पारिभाषिक शब्द

अर्थव्याप्ती : एखादा शब्द ज्या ज्या व्यक्तींना वा वस्तूंना लागू होतो त्यांचा एकूण आवाका.
उमेदवारी : धंदा शिकण्यासाठी एखाद्याच्या हाताखाली केलेले काम.
न्यास : विशिष्ट हेतूसाठी संपत्ती सांभाळणारी संस्था.
फिरते ग्रंथालय : पुस्तके एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारी व्यवस्था.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) मुद्दल न मोडता केवळ व्याज खर्चावयाची रक्कम म्हणजे कायमनिधी. (२) प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. (३) टांकसाळ आणि गोदी येथील यंत्रकुशल कर्मचाऱ्यांनी ती सुरू केली.
प्रश्न – २ : (१) चूक. (२) बरोबर. (३) चूक.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘इमारत एकदाच बांधावी लागते, ग्रंथालय मात्र दरवर्षी चालवावे लागते.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) ‘कामकरी’ या शब्दावरून झालेल्या वादाच्या आधारे शब्दार्थ आणि सामाजिक हक्क यांचा संबंध स्पष्ट करा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळच्या ग्रंथालयाला भेट द्या. देणगीदारांची पाटी, सभासदत्वाचे नियम, वर्गणी आणि अनामत रक्कम, उघडण्याच्या वेळा आणि ग्रंथपालाचे काम यांची नोंद घ्या. नियमावलीतील कोणत्या शब्दामुळे कोणता वाचक बाहेर राहतो, याचा विचार करून दोनशे शब्दांचे टिपण लिहा. शक्य झाल्यास ते टिपण ग्रंथालयाच्या कार्यवाहांनाही वाचावयास द्या.